कॅप्टनसाहेबांची खूण

परटाच्या घरच्या कपड्यांना खूण नसते. हे आधी सांगून टाकते, कारण हे माहीत नसलं तर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं छावणीतली आणि आजूबाजूची तीसेक घरं होती. लष्करातले साहेब, शाळेतल्या बाया, एक दाताचे डॉक्टर. प्रत्येक घराची एक खूण. कॉलरच्या आत, चादरीच्या कोपऱ्यात, साडीच्या उलट्या बाजूला. बिब्ब्याला सुई टोचायची, आतलं तेल टोकावर घ्यायचं, टिंब नाही तर रेघ काढायची आणि वरून चुन्याचं बोट लावायचं. काळी पडली की ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. दोन टिंबं म्हणजे अमकं घर, फुली म्हणजे तमकं. कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळं अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, डोक्यात होतं, आणि अण्णांना जवळचं दिसेनासं झाल्यावर माझ्या. मायला खुणा यायच्या नाहीत, ती भट्टी आणि कांजी बघायची. खुणेशिवाय कपडा भट्टीत टाकायचा नाही, हा अण्णांचा नियम. ज्याला खूण नाही तो आपला. आणि एखादं घर बदली होऊन गेलं तरी त्याची खूण दुसऱ्या घराला लगेच द्यायची नाही, हाही नियम. "माणूस जातो, त्याचा एखादा टॉवेल मागं फिरत राहतो," असं ते म्हणायचे.

अण्णांची रेघ फुटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ. माझी शेवटाला खाली वळायची, कारण सुई उचलायला मला अंमळ उशीर व्हायचा. "इमे, तुझ्या रेघंला शेपूट फुटतंय बघ," ते हसायचे. विमल हे नाव शाळेच्या दाखल्यापुरतं होतं. घरात मी इमल, राग आला की इमे, आणि लाड आला तरी इमेच.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पहाटे लष्कराचा बिगुल, मग खाम नदीच्या दगडांवर कपडे आपटणाऱ्या माणसांचं हुश्श, हुश्श. इस्त्रीतल्या कोळशावर पाणी शिंपडलं की होणारा चर्र. भट्टीतून निघालेल्या चादरींचा वास असा की भूक लागायची. माय भाकरी थापायची आणि दगडी खलात हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायची. गुरुवारी छावणीचा बाजार भरला की येसरच्या आमटीला मसाला यायचा. शेजारी रशीदाखाला रफूचं काम करायच्या. आमच्याकडून फाटका कपडा त्यांच्याकडं जायचा आणि त्यांच्याकडून शिवलेला आमच्याकडं. अण्णांचे सदरे तर त्यांनी इतके रफू केले होते की मूळचं कापड किती उरलंय याची पैज लागायची. "किशनभाई, ये कुर्ता अब तुम्हारा नै, मेरा है," असं त्या म्हणायच्या.

भास्कर आमच्या घरी पहिल्यांदा आला तो एप्रिलच्या अखेरीला, कूलरचं गवत बदलायला. कूलर आमचा नव्हता. दाताच्या डॉक्टरांनी जुना झाला म्हणून दिलेला, तो नुसताच घरघरायचा. भावसिंगपुऱ्यात त्याची एक खोली होती. उन्हाळ्यात तो घरोघर कूलर दुरुस्त करायचा, बाकीच्या दिवसांत काय करतो ते नीट सांगायचा नाही. उंच होता. हात लांब. पंप उघडून बसला आणि त्या लांब बोटांनी आतला गाळ असा काढला, की एखाद्याच्या डोळ्यातलं कुसळ काढावं. काम करताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायचा, शब्द नसलेलं. जाताना म्हणाला, "पाणी बदलत जा. साचलं की वास मारतंय." बस, एवढंच. एकोणीस वर्षांची होते मी. एवढं पुरलं.

मग त्याचे शर्ट माझ्याकडं येऊ लागले, चोरून. बाजाराच्या पिशवीत तळाला घालून आणायचे मी. गिऱ्हाइकांच्या ढिगात मिसळले की कुणाला कळायचं नाही, कारण कपडे निवडायला मीच बसायचे. पण पहिला शर्ट हातात घेतला आणि भट्टीत टाकायला हात उचलेना. त्याला खूण नव्हती. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, तसाच टाकला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण लहानपणापासून जे हाडात भरलं ते. मी बिब्बा घेतला. नवी खूण काढायची तर अण्णांना विचारावं लागतं, म्हणून मी रिकामी पडलेली काढली. बदली होऊन गेलेल्या एका कॅप्टनसाहेबांची, तीन टिंबं आणि खाली रेघ. शेपटासकट. खरं सांगायचं तर नुसती सवय नव्हती ती. त्याच्या मानेशी, आतल्या बाजूला, माझ्या हाताचं काहीतरी राहणार होतं, याचं मला सुख वाटलं होतं.

आता जे सांगायचंय त्याच्याभोवती मी तीस वर्षं फिरतेय. लोकांना सांगत आले की मला काही माहीत नव्हतं. भोळी होते, फसले. नातेवाइकांनीही तेच धरलं, कारण तसं धरणं त्यांनाही बरं पडत होतं. ते खोटं आहे.

परटाला सगळ्या घरांचं ठाऊक असतं. कोण गावाला चाललंय, किती दिवस, मागं कोण राहणार. लोक आपणहून सांगतात, "सोमवारपर्यंत येऊ नकोस गं, आम्ही नाही." पहिल्यांदा मी भास्करला बोलता बोलता सांगितलं, एक कुटुंब लग्नाला नागपूरला गेलंय म्हणून. त्या घरी चोरी झाली तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. मी त्याला विचारलं. तो खोटं बोलू शकला असता. "व्हय," म्हणाला, "मीच." आणि माझ्याकडं असा बघत राहिला, की मी उठून जाते का बसते, एवढंच त्याला बघायचं होतं. मी बसले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तर मला पुरतं माहीत होतं.

पाठकबाई चौथ्या.

सातवीत मला मराठी शिकवायच्या त्या. यजमान वारलेले, मूल नाही. सगळी घरं अण्णांना किसन म्हणायची, त्या एकट्या किसनराव म्हणायच्या. नाथषष्ठीला त्या दरवर्षी पैठणला बहिणीकडं जायच्या. भास्कर आल्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा गाठोडं देताना म्हणाल्या, "विमल, रविवारपर्यंत येऊ नकोस हो. आणि हे शेंगदाण्याचे लाडू ने, घरात राहून खराब होतील." मी लाडू घेतले. त्या आठवड्यात भास्कर माझ्याशी बोलत नव्हता. कशावरून रुसला होता तेही आता आठवत नाही. आठ दिवस फिरकला नव्हता. शेवटी मीच त्याच्या खोलीवर गेले. दार उघडून तो तसाच उभा राहिला. मी एक लाडू त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पाठकबाई पैठणला गेल्यात. रविवारी येणार." त्यानं लाडू खाल्ला, आणि मग हसला. माझ्याकडं त्याला देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. एकोणीसची होते म्हणून सोडून द्यावं का? मी नाही सोडलं.

पाठकबाईंच्या मागच्या भिंतीवर काचा लावलेल्या होत्या. भास्करनं अंगातला शर्ट काढून काचांवर टाकला आणि भिंत चढला. परतताना कुत्री भुंकली, कुणाच्या तरी दाराची कडी वाजली, आणि शर्ट तिथंच राहिला.

दोन दिवसांनी सकाळी फौजदार आमच्या अंगणात आले, बरोबर एक हवालदार. छावणीतल्या दोन परटांकडं आधीच जाऊन आले होते. अण्णा इस्त्री करत होते, मी घड्या घालत होते, माय भट्टीशी होती. हवालदारानं कागदातून शर्ट काढला. निळ्या रेघांचा. मी तो पंधरवड्यापूर्वीच इस्त्री केला होता.

"किसन, ही खूण कोणाची?"

अण्णांनी शर्ट हातात घेतला. कॉलर उलटी केली, डोळ्यांपासून लांब धरली, मग आणखी लांब. उन्हात तीन टिंबं दिसत होती आणि खालची रेघ. त्यांनी अंगठा रेघेवरून फिरवला, शेवटापर्यंत, जिथं ती वळते तिथपर्यंत. माझ्याकडं बघितलं नाही. मी बघत होते त्यांच्या अंगठ्याकडं.

"माझी आहे साहेब," अण्णा म्हणाले.

"तुझ्या कोणत्या घराची?"

"घराची नाय. माझा शर्ट आहे हा. माझा सोताचा."

हवालदार हसलाच. अण्णा पाच फुटांच्या आसपास, काडी माणूस. फौजदार म्हणाले, "घालून दाखव बरं."

अण्णांनी आपल्या सदऱ्यावरूनच तो शर्ट चढवला. एक बाही काचेनं फाटलेली. दोन्ही बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या, खालची किनार गुडघ्याला लागत होती. ते तसेच उभे राहिले, जत्रेतल्या सोंगासारखे. माय म्हणाली, "अहो, हे काय येड्यावानी? साहेब, ह्यांना कुठला असला शर्ट? ह्यांचे कपडे मला ठावं नाय का?"

"तू गप बस," अण्णा म्हणाले. मायला ते कधी असं बोलले नव्हते.

"ढगळा घेतलाय साहेब. इस्त्रीपाशी गरम होतंय, हवा लागती." एवढं म्हणून ते चपला शोधू लागले.

मला तोंड उघडायला तेव्हा किती वेळ होता? अंगण ओलांडायला लागतो तेवढा. चपला पायात सरकवायला लागतो तेवढा. जीप सुरू व्हायला दोनदा खोकली, तेवढा आणखी. मी हातातली चादर चौघडी केली, मग आठ घडी केली, मग तिची घडी पडेना म्हणून पुन्हा उलगडली.

रशीदाखाला कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. जीप गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "इमल, तेरे बाप के सब कुर्ते मेरे हाथ से गए हैं. कब्बी निशान देखी क्या मैं? एक पे बी?" मी मान खाली घातली. "मैं किसी को नै बोलती," त्या म्हणाल्या, "लेकिन तू बोल. आज बोल. कल बोलना और मुश्किल हो जाता."

दुसरा दिवस गुरुवारचा होता. मायनं दोन भाकऱ्या, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला, "ठाण्यात नेऊन दे, तिथलं ते खायचे नाहीत." मी निघाले. ठाण्याच्या वाटेवर बाजार लागतो. शेळ्यांचा कालवा, भांडीवाल्यांचे आवाज, आणि त्या सगळ्याच्या कडेला चिंचेखाली भास्कर उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो माझीच वाट बघत होता.

"अण्णाला नेलंय," मी म्हणाले.

"कळलं."

"तुझा शर्ट घालून नेलंय."

त्यानं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "सोडतील. त्यांच्यावर काय निघणार हाय?"

"जाऊन सांग तू."

"सांगतो."

"कधी?"

"इमल, मी आज आत गेलो तर कधी येईन नेम नाय. तू थांबशील का?"

मी विचारत होते एक आणि उत्तर देत होते दुसऱ्याचं. "थांबन," म्हणाले. तो तिथंच खाली बसला. दोन दिवस पोटात काही नाही, म्हणाला.  मी फडकं सोडलं.

अण्णांची भाकरी मी त्याला खाऊ घातली. दोन्ही. तो खात होता आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. खाऊन झाल्यावर तो चुलतभावाकडं अजिंठ्याला जाणाऱ्या गाडीत बसला आणि मी रिकामं फडकं घडी करून घरी आले. ठाण्यात गेलेच नाही. "खाल्लं का गं त्यांनी?" मायनं विचारलं. "खाल्लं," मी म्हणाले.

रविवारी पाठकबाई पैठणहून आल्या. घर बघितलं आणि तशाच ठाण्यात गेल्या. आईच्या पाटल्या गेल्या होत्या आणि टेपरेकॉर्डर, त्यात यजमानांच्या आवाजातली एक कॅसेट. पण फौजदारांना त्या आधी म्हणाल्या, "वीस वर्षांत माझ्या उशीच्या खोळीत विसरलेली नोटसुद्धा या माणसानं परत आणून दिलीय. माझी यांच्यावर तक्रार नाही. पाटल्यांचंही जाऊ द्या, कॅसेट तेवढी मिळाली तर बघा." अण्णांना सोडलं. कॅसेट मिळाली नाही. भास्करनं ती भावसिंगपुऱ्याच्या नाल्यात टाकली होती. वाजवून बघितली तर गाणी नव्हती, नुसता एक म्हातारा बोलत होता, असं त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं.

अण्णा घरी आले तेव्हा चालताना एक पाय ओढत होते. मायनं येसरची आमटी केली, खालांकडून मटणाच्या खलियाची वाटी आली. अण्णा जेवायला बसले आणि मायनं सहज विचारलं, "गुरुवारची भाकरी पोचली होती ना?"

त्यांनी घास तसाच हातात धरला. मग माझ्याकडं बघितलं, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. रागानं नाही. एखाद्या डागाकडं बघावं तसं, निघेल का निघणार नाही याचा अंदाज घेत.

"पोचली की," म्हणाले. "ठेचा जरा तिखट झाला होता."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं एकाच रंगाचं आहे. घरं सुटत गेली. भांडण कुणी केलं नाही; नुसतं गाठोडं द्यायचं बंद केलं. तीसेकातली सात उरली, त्यांत पाठकबाई. वर्षभरानं मी अजिंठ्याजवळच्या एका देवळात भास्करशी लग्न केलं. माय आली नाही. अण्णा आले, एसटीनं, बरोबर कोळशाची इस्त्री घेऊन. "दुसरं काय देऊ," म्हणाले. भास्कर त्यांच्या पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, त्यांना माहीत नसावं. माणसाला सोयीचं तेच वाटतं. पाठकबाईंची चोरी कधी उघडकीला आली नाही, पण दुसऱ्या दोन आल्या. मी हर्सूलला जेलच्या दारात रांगेत उभी राहिले, पहिल्यांदा चार वर्षं, मग आणखी तीन. थांबन म्हणाले होते, थांबले.

लग्नाआधी मी त्याला अरे-तुरे करायचे, आता अहो म्हणते. हे समोर खाटेवर पडलेत. साखरेनं एक बोट नेलंय, नजर गेली आहे. चोरी सोडून बावीस वर्षं झाली. सोडली म्हणजे भिंत चढायचे गुडघे राहिले नाहीत. यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. बोलले असते तर मला काही सबब तरी राहिली असती. अजून गुणगुणतात, शब्द नसलेलं. मी दिवसभर लोकांच्या इस्त्र्या करते आणि ते ऐकते. प्रेम आहे का, असं कुणी विचारत नाही आता. आहे. दमलेलं आहे, पण आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

अण्णा त्या शर्टाच्या प्रकरणानंतर अकरा वर्षं जगले. त्यांचे दिवस झाल्यावर मायनं मला बोलावून घेतलं. एवढ्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच घरात घेतलं होतं. खाटेवर कपड्यांचा ढीग काढून ठेवलेला, सदरे, बंड्या, एक कोट. "हे गिऱ्हाइकाचे राहिले काय गं घरात?" ती म्हणाली. "वाटून टाकावेत म्हणून काढले तर सगळ्यांना खुणा. मला काय वाचता येत नाय. तू बघ बरं, कोणाच्या घरचे हायत."

मी पहिल्या सदऱ्याची कॉलर उलटी केली. जागोजागी खालांचं रफू, म्हणजे सदरा अण्णांचाच. आत तीन टिंबं, खाली रेघ. रेघ सरळ गेली होती, फुटपट्टीसारखी, आणि अगदी शेवटी खाली वळवली होती. वळण जमलं नव्हतं. सरळ हाताच्या माणसानं मुद्दाम वाकडं काढावं तसं ते होतं, दोनदा गिरवलेलं. मी दुसरा सदरा घेतला. तिसरा घेतला. काही खुणा जुन्या होत्या, धुऊन धुऊन करड्या पडलेल्या. कोटावरची ताजी, काळी कुळकुळीत. फौजदार पुन्हा आले असते, कधीही आले असते, तर त्यांना दाखवायला.

"कोणाचे?" मायनं विचारलं.

"अण्णांचेच."

"मग खूण कशी? आपल्या घरच्याला खूण असती का?"

सांगायला हवं होतं. ती जागा सांगण्याचीच होती. माय आता नाही, गेल्या वर्षी गेली, म्हणून तर हे लिहायला हात उचलला.

"चुकून पडली असंल," मी म्हणाले.

माय माझ्याकडं बघत राहिली. मग खाटेवरच्या ढिगाकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"सगळ्यांवर?" म्हणाली.

मी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.